सावल्यांची लेझीम

जयपूरच्या मराठी मंडळात हळदीकुंकू असलं की माझी एक परीक्षा ठरलेली. समोर एखादी नवी बाई असते, नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेली. बँकेतली, विम्यातली, नाहीतर छावणीतली. ती विचारते, "तुम्ही काय करता?" मी म्हणते, "कॉम्प्युटरचं काम." ती समाधानानं मान हलवते. तेवढ्यावर थांबलं तर सगळं ठीक असतं. पण शेजारून कुणीतरी म्हणतंच, "अहो, या मीनलताई भिंती हलवतात!" मग पुढचा अर्धा तास तिळगूळ मुठीत धरून समजावून सांगावं लागतं.

म्हणून ते आता एकदाच लिहून टाकते. माझं मराठी घरातलं आहे. बाबा मूळ वाईचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची बदली इथे झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. शाळा हिंदीतून झाली. दर तिसऱ्या वाक्याला तोंडातून 'मतलब' निघतं. छापताना ते गाळलं असेल तर संपादकांचे आभार.

चित्रकाराला रंग लागतात, तसा मला कॉम्प्युटर लागतो. फरक एवढाच, की टांगलेलं चित्र तुम्ही बघितलं काय नि न बघितलं काय, आपलं तसंच राहतं. माझं चित्र तुम्ही समोर आल्याशिवाय सुरूच होत नाही. वर कॅमेरा असतो, आत प्रोग्रॅम असतो, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड असतो. तुम्ही हात हलवलात की कॅमेऱ्याला दिसतं, प्रोग्रॅम ठरवतो, भिंत बदलते. पंचवीस वर्षं मी हेच करते आहे. हॉटेलं, संग्रहालयं, लग्नं आणि क्वचित कधीतरी ज्याला खरोखर कला म्हणता येईल असं काही.

गमतीही पुष्कळ झाल्या. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका हॉटेलात मी जेवणाच्या दालनात भिंतभर मोर केले होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या की ते पिसारा फुलवायचे. मागच्याच गल्लीत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सकाळी नऊला त्यांच्या हातोड्या सुरू झाल्या आणि रिकाम्या दालनात माझे मोर संध्याकाळपर्यंत नाचत राहिले. मालक म्हणाला, "मैडम, ये तो थक जाएँगे."

दुसरी गोष्ट तिथल्याच एका जवाहिऱ्याची. त्याला असा आरसा हवा होता, की गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्या गळ्यात दुकानातला हार आपोआप दिसावा. आरसा म्हणजे मोठा पडदाच. मी तो बसवला आणि घरच्या मंडळींना बघायला बोलावलं. जवाहिऱ्याची आई समोर बसली. हार तिच्या गळ्यात पडायच्या ऐवजी तिच्या मागच्या भिंतीवरल्या तसबिरीतल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडला. कॉम्प्युटरनं चेहरा शोधला, त्याला तो सापडला, त्यात चूक काही नव्हती. पण तो तिचा वारलेला नवरा होता. सगळे उठून उभे राहिले. म्हातारी हात जोडून पडद्याकडे बघत म्हणाली, "पसंद आ गया इनको." तो हार त्यांनी कधीच विकला नाही. मी चूक दुरुस्त केली तर म्हातारी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तेव्हा मी हसले होते. पुढे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या त्या भिंतीपाशी जे झालं, त्यानंतर नाही हसले.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथलं एक जुनं कापडाचं गोदाम रिकामं पडलं होतं. मालकिणीनं त्याचं कलादालन केलं आणि मला शेवटच्या मोठ्या दालनाची एक भिंत दिली. म्हणाली, "जो मन करे, बनाइए." असं वाक्य माझ्या धंद्यात क्वचित ऐकू येतं.

मी सावल्यांची भिंत केली. तुम्ही समोर उभे राहिलात की भिंतीवर तुमची काळी सावली उमटायची. ती खरी सावली नव्हे. वरचा कॅमेरा तुमची बाह्याकृती मोजायचा आणि कॉम्प्युटर ती काढायचा. चेहरा नाही, रंग नाही, नुसता आकार आणि हालचाल. तुम्ही निघून गेलात तरी तुमची सावली आत जपून ठेवलेली असायची, छोट्या छोट्या तुकड्यांत कापून. पुढचा माणूस आला, त्यानं हात वर केला, की कॉम्प्युटर साठवणीतून त्या हाताला साजेसा तुकडा शोधायचा आणि कुणा भलत्याच माणसाची सावली येऊन त्याच्या सावलीला हात द्यायची. तुम्ही बसलात तर कुणीतरी शेजारी येऊन बसायचं. लोक तिच्याशी खेळत बसायचे. समोर आपल्याला उत्तर देणारा माणूस कधीच येऊन गेला आहे, हे विसरून जायचे.

दारावर मी स्वतः एक पाटी लिहून लावली होती. हिंदीत आणि इंग्रजीत: इथे फक्त सावली ठेवली जाते, नाव विचारलं जात नाही.

दालनाची देखरेख सुगना करायची. चाळिशीची बाई, मागच्याच वस्तीत राहणारी, दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायला लावणारी. भिंत सुरू होऊन वर्ष होत आलं असेल, तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला.

"मैडमजी, वो दोनों फिर नाच रहे हैं."

"कौन दोनों?"

"बाप-बेटी. हॉल में कोई नहीं है."

मी गेले. साडेदहाचा सुमार होता. दालनात अंधार, गार फरशी, आणि खरोखर कुणी नाही. भिंतीवर दोन सावल्या समोरासमोर होत्या. एक पुरुषाची, पोट किंचित सुटलेलं, डावा गुडघा कमी वाकणारा. दुसरी सडपातळ मुलीची, वेणी कमरेपर्यंत. दोघं एकदम खाली वाकायची, उठायची, दोन्ही हात डोक्यावर नेऊन झटका द्यायची, मग एक पाऊल बाजूला. मुलगी पुढे आली की तो मागे जायचा. आवाज कसलाच नव्हता. सुगना दाराच्या आत यायला तयार नव्हती.

मी स्वतः बनवलेलं यंत्र, त्यातली प्रत्येक ओळ मला पाठ, तरी मी दोन पावलं मागे सरले.

मग कामाला लागले. कारण पंधरा मिनिटांत सापडलं. छताच्या पत्र्याला फट पडली होती आणि त्या वेळेला बरोबर तिथून ऊन कॅमेऱ्यावर येत होतं. उन्हानं हा कॅमेरा आंधळा होतो, त्याला नसलेली माणसं दिसतात. त्याला वाटलं, समोर कुणीतरी हात वर करून उभं आहे. त्यानं साजेसा तुकडा काढला, तो त्या पुरुषाचा. पुरुषाला साजेसा तुकडा त्या मुलीचा. मुलीला पुन्हा पुरुषाचा. दोघांच्या सावल्या एकमेकांना बोलावत राहिल्या होत्या.

मी फटीवर काळं कापड ठोकलं. भिंत पांढरी झाली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

पण त्या हालचाली माझ्या ओळखीच्या होत्या. टाळ्या नव्हत्या, गरबा नव्हता, घूमर तर नव्हताच. ती लेझीम होती. हातात लेझीम नसताना खेळलेली लेझीम. विश्वकर्मात, ग्रॅनाइट कापणाऱ्या कारखान्यांच्या मधोमध!

कॉम्प्युटर प्रत्येक सावलीची वेळ टिपून ठेवतो. मी नोंद उघडली. मुलीची सावली एकाच दिवसाची, भिंत सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यातली. पुरुष मात्र गेल्या चार महिन्यांत पुन्हा पुन्हा आला होता, आणि शेवटचा अगदी नऊ दिवसांपूर्वी.

सुगनाला विचारलं. "बाबूजी आते हैं," ती म्हणाली. "अकेले आते हैं, अकेले नाचते हैं. लड़की तो कोई नहीं आती. लड़की दीवार में ही है."

त्याच संध्याकाळी मंडळाची सभा होती. मी सहज विषय काढला, की आपल्याकडे लेझीम कोण शिकवतं. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग छावणीतल्या एका वहिनींनी सांगितलं. गणपतीत लेझमीचं पथक पाटणकर बसवायचे. दिनकर पाटणकर, सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी गार्गी पथकात पुढे असायची. गेल्या वर्षी बापलेक स्कूटरवरून कानोत्याच्या धरणावर पक्षी बघायला गेले होते. येताना खडीवरून स्कूटर घसरली. पाटणकरांच्या गुडघ्यावर निभावलं. गार्गी गेली. वीस वर्षांची होती. पुढे सहा महिन्यांनी पाटणकर एक चिठ्ठी ठेवून घरातून निघून गेले. 'शोधू नका' एवढंच त्यात होतं. पोलिसांत कळवलं होतं, वर्तमानपत्रात फोटो दिला होता. बायको, वसुधाताई, एकटी मालवीय नगरात राहते. कुणाकडे येत नाही.

माझ्यापुढे प्रश्न होता तो असा. मला त्या बाईच्या नवऱ्याचा ठावठिकाणा जवळजवळ माहीत होता, आणि मुलीची सावली माझ्या डिस्कमध्ये होती. सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार.

तीन दिवस मी ते पुढे ढकललं. चौथ्या दिवशी गेले.

वसुधाताईंनी दार उघडलं. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची बाई. मी ओळख सांगितली, पाणी प्यायले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. त्यांनी फक्त विचारलं, "नऊ दिवसांपूर्वी?"

"आता तेरा झाले."

"म्हणजे जयपुरातच आहेत." त्यांनी पदराच्या टोकानं टीपॉयवरची नसलेली धूळ पुसली. "मी दवाखान्यांत शोधलं हो. हरिद्वारला भावाला पाठवलं. आणि हे इथेच."

"तुम्हाला बघायचंय का?"

"त्यांना?"

"गार्गीची सावली."

त्यांनी माझा रिकामा पेला आत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, "आधी ते सापडू देत."

ठरवलं असं, की सुगनाला सांगायचं. पाटणकर आले की तिनं मला फोन करायचा, बस्स. सुगनानं ऐकून घेतलं आणि मान हलवली, ती नकाराची.

"आदमी यहाँ रोने आता है, मैडमजी. मुझसे कहकर गया है, कोई घर का पूछे तो मत बताना. मैं मुखबिरी नहीं करूँगी."

"उसकी बीवी है, सुगना. घर में अकेली."

"तो बीवी खुद बैठे यहाँ. मैं किसी को रोकूँगी नहीं."

पण वसुधाताई दालनात बसल्या असत्या, तर पाटणकरांनी दारातून बघितलं असतं आणि परत फिरले असते, कदाचित कायमचे. मालवीय नगरातून निघून पोहोचायचं म्हटलं तर तास मोडतो. पाटणकरांची येण्याची वेळ कळायला हवी होती.

माणूस नाही म्हणाला, ते मी यंत्राकडून करून घेतलं. एका दुपारी बसून प्रोग्रॅममध्ये वीस-पंचवीस ओळी वाढवल्या. तो कमी वाकणारा डावा गुडघा आणि तो हातांचा झटका समोर दिसला, की वेळ टिपायची आणि माझ्या फोनवर कळवायचं. अवघड काही नव्हतं. इतकं सोपं होतं, की माझं मलाच कसंतरी झालं. वर्षभर मी लोकांना सांगत होते, बेफिकीर या, इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.

पुढल्या दोन आठवड्यांत फोन तीनदा थरथरला. तिन्ही वेळा दुपारी दोननंतर. पुढच्या शनिवारी वसुधाताई एक वाजताच माझ्या केबिनमध्ये येऊन बसल्या. केबिन दालनाच्या मागच्या अंगाला आहे, पंख्यांच्या आवाजानं भरलेली. त्यांनी डबा आणला होता. उघडला नाही. मधेच म्हणाल्या, "मी त्यांना कधी एका शब्दानं बोलले नाही हो. स्कूटर तुम्ही चालवत होता, असं कधी म्हटलं नाही."

सव्वादोनला फोन थरथरला.

त्या उठल्या. मी दार हळूच उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले.

पाटणकर आमच्याकडे पाठ करून उभे होते. पांढरा शर्ट, त्यावर दगडाची भुकटी. त्यांनी दोन्ही हात वर नेले, मनगटांना झटका दिला. भिंतीवर त्यांच्या सावलीसमोर मुलीची सावली उमटली आणि खाली वाकली. मग दोघं खेळायला लागली. अनवाणी पायांचा फरशीवरचा आवाज तेवढा येत होता, आणि त्यांच्या श्वासाचा. मुलगी दमत नव्हती. ते दमत होते.

वसुधाताई चालत गेल्या आणि त्यांच्या मागे चार हातांवर थांबल्या. भिंतीवर डावीकडे तिसरी सावली उभी राहिली. अंबाडा, खांद्यावरून पदर.

ते थबकले. मागे वळले नाहीत. या भिंतीवर परक्या सावल्या येतात-जातात, त्याची त्यांना सवय होती. पण ही त्यांनी ओळखली.

"वसू," ते भिंतीला म्हणाले, घरात विचारावं तितक्या साध्या आवाजात. "तू कधी येऊन गेलीस गं इथे?"

भिंतीवरली तिसरी सावली जागची हलली नाही.

"हिच्याबरोबर आली होतीस का? मला बोलली नाहीस."

त्यांनी आपला उजवा हात हळूच पुढे केला. कोणत्या हालचालीला कोणती सावली काय उत्तर देते, याचा त्यांनी चार महिने अभ्यास केला होता. इकडे वसुधाताईंचाही हात नकळत उठला. भिंतीवर दोन हात जवळ आले.

"देते उत्तर," ते म्हणाले, आणि हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मग वसुधाताईंनी पदर तोंडाला लावला. ती हालचाल कशालाच साजेशी नव्हती. ते भिंतीकडे बघत राहिले. दोन्ही हात पुन्हा वर नेलेले, पण खेळत नव्हते.

"अहो," वसुधाताई म्हणाल्या.

सावल्यांना आवाज नव्हता. माझ्या भिंतीनं आजवर एक शब्द काढला नव्हता. पाटणकरांची मान ताठ झाली, पण ते वळले नाहीत.

"अहो, मागे बघा. मी आलेय."

"नको."

"का?"

"मी थांबलो की ही जाते."

त्यांनी पुन्हा एक झटका दिला. गार्गीची सावली वाकून उठली. वसुधाताई आता चालायला लागल्या. नवऱ्याच्या बाजूनं पुढे गेल्या, भिंतीला पाठ टेकून, त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. प्रोजेक्टरचा सगळा उजेड त्यांच्या अंगावर आला. त्या फिकट साडीवर, चेहऱ्यावर, मुलीची सावली हलत होती. त्यांचे डोळे उजेडानं मिटत होते, तरी त्या तशाच उभ्या राहिल्या.

"ती गेलीय हो," त्या म्हणाल्या. "मी आहे."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाटणकरांनी हात खाली घेतले. साडीवरची सावली पुसट झाली आणि गेली.

नंतर दोघं तिथेच फरशीवर बसली. सुगनानं माठातलं पाणी आणून दिलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

पाटणकर जवळच एका ग्रॅनाइटच्या कारखान्यात माल मोजून घ्यायच्या कामावर लागले होते, मागच्या चाळीत खोली करून राहत होते. हे दालन त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात गार्गीला तेच घेऊन आले होते, आणि तिनं गंमत म्हणून भिंतीसमोर लेझीम खेळून दाखवली होती. पुढे मे महिन्यात एकदा उन्हाचं म्हणून ते गारव्याला आत शिरले. घाम पुसायला दोन्ही हात वर केले, आणि ती समोर आली.

"घरी का नाही सांगितलंत?" वसुधाताईंनी विचारलं.

"तू घरात काही म्हणायची नाहीस," ते म्हणाले. "एकदाही नाही म्हणालीस. तेच सोसवेना."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "हे तुम्ही बनवलंत?"

"हो."

"मी इथे येतो, ते हिला कुणी सांगितलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "मी सांगितलं. कॉम्प्युटरला तुमची चाल शिकवली होती."

त्यांनी दारावरच्या पाटीकडे बघितलं. रागावले नाहीत. बँकेतला माणूस कागद पुन्हा वाचतो, तशी त्यांनी ती वाचली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नाव नाही विचारलंत तुम्ही."

त्या दिवशी ते घरी गेले नाहीत. कामावर परत गेले. वसुधाताई महिनाभर मालवीय नगरातून डबा घेऊन त्या चाळीत जात राहिल्या. एखादा तास बसायच्या, परत यायच्या. काय बोलत असतील, मला माहीत नाही. एके दिवशी त्यांचा फोन आला, "आज बरोबर आलेत."

सुगनानं त्याच सुमाराला काम सोडलं. विचारलं तर म्हणाली, घर लांब पडतं. तिचं घर पाच मिनिटांवर होतं.

त्या वीस-पंचवीस ओळी मी पाटणकर सापडले त्याच संध्याकाळी काढून टाकल्या. पण अशा गोष्टी कशा कोण जाणे कळतात. एका हॉटेलवाल्यानं विचारलं, आमचे जुने पाहुणे दारातून येताच चालीवरून ओळखता येतील का? मी म्हटलं, नाही, तसं काही होत नाही. माझ्या धंद्यात मी जे येत नाही ते येतं असं पुष्कळदा सांगितलं आहे. उलट खोटं तेवढं एकदाच बोलले. एका बाईला तिचा नवरा परत मिळाला, हे खरं. तरीही कुणी ती गोष्ट माझं कौतुक म्हणून सांगायला लागलं की मी विषय बदलते.

गोदाम पुढे विकायला निघालं आणि भिंत काढायची वेळ आली. पाटणकरांनी सांगलीला जायचं ठरवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दोघं माझ्याकडे आले. चहा झाला. पाटणकर कप खाली ठेवून म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्यात ती एकूण किती आहे?"

मी कॉम्प्युटर उघडून बघितलं. "एक मिनिट आणि आठ सेकंद."

"शक्यच नाही. मी तासन् तास होतो तिच्याबरोबर."

"तेच तुकडे. यंत्र तुमच्या हालचालीप्रमाणे ते मागेपुढे लावायचं."

त्यांनी मान डोलावली. बायकोकडे बघितलं. वसुधाताई म्हणाल्या, "आम्हाला मिळेल का हो? सांगलीला नेता येईल असं?"

"दोन प्रकारे देता येईल," मी म्हटलं. "छोटा कॅमेरा आणि हा प्रोग्रॅम घरी बसवून देते. मग ती अशीच राहील. तुम्ही हात केलात की हात करील. नाहीतर नुसती फिल्म देते. एक मिनिट आठ सेकंदांची. पण ती आपली आपण खेळून थांबेल. तुम्ही समोर उभे आहात की नाही, तिला कळणार नाही. काही केलंत तरी उत्तर द्यायची नाही."

वसुधाताई नवऱ्याकडे बघत होत्या. पाटणकरांनी डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. बाहेर भाजीवाल्याची गाडी आली, गेली.

"फिल्म द्या," ते म्हणाले.